ओळखीचे दप्तर

दोन अपरिचित मराठी माणसे मुंबईकडे निघालेल्या डेक्कन क्वीनमध्ये समोरासमोर बसली आणि कर्जत येईपर्यंत त्यांची एकमेकांशी कोठून तरी ओळख निघाली नाही, असे निदान माझ्या पाहण्यात नाही. प्रारंभ "आपण मूळचे कुठले?" या निरुपद्रवी पृच्छेने होतो. उत्तर "वाईचे" असे आले, की "वाईत गंगापुरीतले की मधल्या आळीतले?" हा उपप्रश्न येतो; मधली आळी निघाली, की तिथे पृच्छकाच्या मावससासूबाईंचे बिऱ्हाड निघते; त्या मावससासूबाईंचे धाकटे दीर उत्तर देणाऱ्याच्या वडिलांबरोबर साताऱ्याच्या कचेरीत एकाच टेबलाशी बसत होते, हे खंडाळ्याच्या घाटात सिद्ध होते; आणि कल्याण मागे पडते न पडते तोच, ज्या भाच्याचे अस्तित्व लोणावळ्यापर्यंत कोणाच्या गावीही नव्हते त्या भाच्याच्या नोकरीसाठी "बघा काही जमलं तर" असे पुटपुटत कागदाचा एक चिठोरा या खिशातून त्या खिशात गेलेला असतो. या सबंध व्यवहारात कोणी कोणाला परवलीचा शब्द विचारलेला नसतो, कोणी आपले छायाचित्र चिकटवलेले नसते, आणि आपण यंत्र नसून मनुष्य आहोत असे लिहून देण्याची पाळीही कोणावर आलेली नसते.

ओळख काढण्याची ही विद्या ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या अव्याहत जोपासली, त्याच समाजातील महाविद्यालयांना आपले आजी आणि माजी विद्यार्थी परस्परांस ओळखत नाहीत, आणि ती ओळख घडवून आणण्यासाठी महाजालावर एक स्वतंत्र पोर्टल उभारल्यावाचून गत्यंतर नाही, असा साक्षात्कार अलीकडे एकाच सुमारास व्हावा, ही गोष्ट एरवी दैवी लीलेच्या खात्यात जमा करावी लागली असती. परंतु या साक्षात्काराचा उगम स्वर्गात नसून बंगळूरला आहे. १९९४ साली स्थापन झालेली 'नॅक' ही संस्था देशातील महाविद्यालयांची गुणवत्ता सात निकषांवर तोलते. त्यांतला पाचवा निकष विद्यार्थ्यांना मिळणारे साहाय्य आणि त्यांची प्रगती यांविषयीचा असून त्याच्या पोटात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाची चौकशी असते. त्यांचा संघ रीतसर नोंदलेला आहे काय, असल्यास त्याने मातृसंस्थेसाठी काय केले, असे ते विचारणे. आणि महाविद्यालयांसाठी काही वर्षांपूर्वी जो नमुना होता त्यात तर देणगीत मोजलेले हे प्रेम पाच लाखांच्या वर असल्यास 'अ', चार ते पाच लाखांचे असल्यास 'ब', अशा उतरत्या क्रमाने लाखाच्या आतले प्रेम अगदी शेवटच्या पायरीवर बसवलेले होते. कृतज्ञतेचे इतके निःसंदिग्ध मोजमाप आपल्या संतमंडळींनाही साधले नव्हते.

त्यातच २०२३ च्या जूनमध्ये नंदन नीलेकणी यांनी मुंबईच्या आयआयटीला ३१५ कोटी रुपये दिल्याची वार्ता आली. १९७३ मध्ये त्यांनी त्या संस्थेत प्रवेश घेतला त्याला पन्नास वर्षे झाली, त्यानिमित्त ही देणगी. पूर्वी दिलेले ८५ कोटी धरता एकंदर ४०० कोटी. ही वार्ता वाचून विद्याप्रेमी जनांना संतोष झाला असेल. संस्थाचालकांची मात्र झोप उडाली. आपल्याही १९७३ च्या तुकडीत असा एखादा नीलेकणी दडलेला असलाच पाहिजे, तो कोठे आहे एवढेच आपल्याला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसण्याचे कारण म्हणजे आपल्यापाशी पोर्टल नाही, असा तर्क त्या रात्री महाराष्ट्रातील कित्येक प्राचार्यांच्या मनात एकाच वेळी उगवला असावा. त्या तुकडीत बहुतांशी बी. ए. मराठीचे विद्यार्थी होते, ही अडचण त्या वेळी कोणाला सुचली नाही.

पुण्यातील ज्या महाविद्यालयाने हा तर्क ग्राह्य मानून समिती नेमली त्याचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. त्याच्या शेजारच्या महाविद्यालयाने तेच केले, आणि त्याच्या शेजारच्यानेही. निवृत्त माणूस रिकामा असतो या सार्वत्रिक समजुतीला अनुसरून प्रस्तुत लेखकाची समितीवर वर्णी लागली. अध्यक्षस्थानी अर्थात प्राचार्य होते. चिटणीस म्हणून संगणकशास्त्राच्या एक तरुण प्राध्यापिका होत्या, आणि या विषयातले काही कळणाऱ्या त्या एकट्याच असल्यामुळे त्यांचे म्हणणे सर्वांत शेवटी ऐकले जाई. आणि खजिनदारकी वाणिज्य विभागातून निवृत्त झालेल्या अण्णांकडे होती, जे पावती फाडल्यावाचून कोणाचा नमस्कारसुद्धा स्वीकारीत नाहीत.

वस्तू जन्माला येण्यापूर्वी तिचे बारसे उरकण्याची आपली रीत असल्यामुळे पहिल्या सभेपुढे नावाचा विषय होता. नावाच्या शेवटी 'बंध' हवा याविषयी संपूर्ण एकमत होते. मतभेद केवळ त्याच्या आरंभी काय असावे एवढ्यापुरता. कोणी 'ऋणानुबंध' सुचवले तर त्यातील ऋणाच्या उल्लेखाने देणगीदार आल्या पावली परत जाईल म्हणून अण्णांनी हरकत घेतली. दुसरे एक नाव सर्वांना पसंत पडले तोच त्या नावाचे मंगल कार्यालय आधीच उभे असल्याचे उघडकीस आले. बोधचिन्हात समई, उघडे पुस्तक आणि वटवृक्ष या तिहींना स्थान मिळावे असा ठराव झाला, आणि तो चित्रकाराने तंतोतंत पाळल्यामुळे मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यावर, वडाला आग लागली असून ती विझवण्यासाठी कोणी पुस्तकाने वारा घालत आहे, असा देखावा दिसू लागला.

तीन दरपत्रके मागवावीत आणि सर्वांत स्वस्त ते मंजूर करावे, या सार्वजनिक जीवनाच्या मूलभूत नियमानुसार पोर्टल बांधण्याचे काम एका उत्साही तरुणाकडे गेले. त्याने यापूर्वी एका सहकारी गृहरचना संस्थेसाठी असेच काही तयार केले होते, आणि उत्तम वस्तू पुन्हा का घडवावी, अशी त्याची कारागिरीविषयीची धारणा असावी. कारण पोर्टलवर प्रथम प्रविष्ट झालेल्या माजी विद्यार्थ्यांना त्याने आपला सदनिका क्रमांक विचारला, आणि तो न भरल्यास देखभालीची वर्गणी थकल्याची नम्र सूचना दिली. चिटणीसबाईंनी ती काढावयास सांगितली. अण्णांचे मत, 'सदनिका' एवढा शब्द काढावा, थकबाकी असू द्यावी, असे पडले.

परंतु व्यासपीठ सिद्ध झाले तरी त्यावर माणसे आणावयाची, म्हणजे आधी ती कोण आणि किती याचा थांगपत्ता हवा. आणि तो थांगपत्ता महाविद्यालयाच्या कचेरीत, एका अंधाऱ्या खोलीतील लोखंडी कपाटात, जनरल रजिस्टर नामक जाडजूड बाडांत बंदिस्त होता. ही बाडे मुख्य लिपिकांच्या ताब्यात. त्यांनी ती देण्यापूर्वी प्राचार्यांचा लेखी हुकूम मागितला, हुकूम मिळाल्यावर त्यावर जावक क्रमांक नसल्याचे दाखवून दिले, आणि जावक क्रमांक पडल्यावर किल्ली घरी राहिल्याचे सांगितले. अखेर 'कमवा व शिका' योजनेतील मुलांनी ती बाडे संगणकात उतरवली. ज्या कर्मवीर भाऊरावांच्या नावाने ही योजना चालते त्यांनी मुलांच्या हाती कुदळ-फावडे दिले होते. बोरूच्या काळातील हस्ताक्षर उकलणे हे त्यापेक्षा हलके काम आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

माहिती संगणकात चढताच पोर्टलने कोणाच्या सूचनेवाचून आपले पहिले सत्कार्य हाती घेतले, आणि ते म्हणजे प्रत्येकास वाढदिवसाच्या शुभेच्छा धाडणे. एक जूनच्या पहाटे ते या कार्यास लागले आणि उजाडता उजाडता कोलमडले. तरुणाची समजूत अशी, की बाहेरून कोणी हल्ला केला. इतक्या माणसांचा जन्म एका दिवशी होणे त्याच्या संख्याशास्त्रात बसेना. त्याला बिचाऱ्याला हे कोणी सांगितले नव्हते, की महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत, ज्या पोराचा जन्म 'मोठा पाऊस लागला त्या साली' एवढाच त्याच्या बापाला ठाऊक, त्याला शाळेत घालतेवेळी, शाळा जूनमध्ये उघडतात या न्यायाने, गुरुजी एक जून ही तारीख बहाल करीत. त्यामुळे आमची एक सबंध पिढी एक जूनला जन्मली, एकतीस मेला सरकारी चाकरीतून एकगठ्ठा निवृत्त झाली, आणि त्या दिवशी कचेरीकचेरीतून पुष्पगुच्छांचा तुटवडा पडला. खुद्द डेक्कन क्वीनचा जन्मही १ जून १९३० चा. पण तिची तारीख निदान रेल्वेच्या दप्तराशी ताडून पाहता येते.

याहून गंभीर प्रकार स्त्रियांच्या बाबतीत घडला. नोंदणीसाठी लिहिलेले नाव रजिस्टरातील नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे, असा पोर्टलचा दंडक होता. रजिस्टरात आडनाव, नाव, पित्याचे नाव, आणि मागे 'कुमारी'. आता जी मुलगी १९७६ साली कुमारी म्हणून बाहेर पडली तिचे पुढे आडनाव बदलले, पित्याच्या जागी पती आला, आणि काही घरांच्या चालीप्रमाणे तांदळाच्या ताटात नवे नाव रेखून तिचे मूळ नावही पालटले. म्हणजे रजिस्टरातील तिचे असे काही उरलेच असेल तर ते गुण. अशा एका विदुषींना यंत्राने कळवले, की या नावाची विद्यार्थिनी या महाविद्यालयात कधीही नव्हती. आणि ज्या फलकावर विद्यापीठाच्या पारितोषिकविजेत्यांची नावे सोनेरी अक्षरांत रंगवलेली आहेत त्याचे छायाचित्र, आपल्या नावाभोवती तांबडे वर्तुळ काढून, बाईंनी प्राचार्यांकडे पाठवले. तरुणाने सभेत खुलासा केला, की असे अपवाद सर्वच प्रणालींत असतात. त्यावर चिटणीसबाईंनी अत्यंत शांतपणे विचारले, की निम्मा वर्ग हा अपवाद कोणत्या गणिताने होतो? नोंदणीपत्रात 'लग्नापूर्वीचे नाव' हा रकाना त्याच सायंकाळी आला. या सबंध उद्योगात झालेली निःसंशय उपयुक्त सुधारणा मला विचाराल तर हीच.

परदेशात ही कामे कशी झाली याचा शोध घेण्याचे काम मजकडे सोपवण्यात आले होते, आणि त्यात मनोरंजन पुष्कळ झाले. माजी विद्यार्थ्यांचा सर्वांत जुना संघ म्हणून ज्याचे नाव घेतात तो अमेरिकेतील विल्यम्स कॉलेजचा, १९२१ चा नव्हे, तर १८२१ चा. म्हणजे पुण्यात विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज सुरू झाले त्याच वर्षीचा. विल्यम्स कॉलेजचे अध्यक्षच त्या साली काही विद्यार्थी बरोबर घेऊन ॲमहर्स्टला दुसरे कॉलेज काढावयास निघून गेले, आणि मागे राहिलेले कॉलेज बुडते की काय या भीतीने जुने विद्यार्थी एकवटले. संस्थेतून फुटून समोरच दुसरी संस्था काढण्याचा हा प्रकार वाचताना पुणेकर वाचकास एकदम माहेरी आल्यासारखे वाटते.

यंत्रयुगातील कथा मात्र निराळ्या. २००१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात ऑर्कुट ब्युयुककोक्टेन नावाच्या तुर्की विद्यार्थ्याने 'क्लब नेक्सस' हे विद्यार्थ्यांपुरते व्यासपीठ काढले आणि त्यात दोन हजारांहून अधिक विद्यार्थी सामील झाले. माजी विद्यार्थ्यांसाठीही त्याने तशीच एक योजना केली. आणि पुढे गूगलच्या चाकरीत असता २००४ च्या जानेवारीत त्याने आपले पाळण्यातले नाव देऊन जे संकेतस्थळ उघडले त्यावर आपल्याकडील एका पिढीचे तारुण्य अक्षरशः खर्ची पडले, ते २०१४ च्या सप्टेंबरअखेर ते बंद होईपर्यंत. त्याच २००४ च्या फेब्रुवारीत हार्वर्डच्या वसतिगृहातून फेसबुक निघाले, आणि आरंभी हार्वर्डचा ईमेल पत्ता असल्याखेरीज तिथे कोणास शिरकाव नव्हता. या दोन्ही ठिकाणी समिती नव्हती, बोधचिन्हात समई नव्हती, आणि देणगीची कळ तर नव्हतीच. शेजारच्या खोलीतील मुलगी काय वाचते, तिचे कोणाशी जमते आणि रविवारी ती कोठे जाते, हे जाणून घेण्याची वीस वर्षांच्या मुलांची जी सनातन जिज्ञासा, तिलाच त्यांनी दार उघडून दिले. मराठीत या जिज्ञासेला भोचकपणा म्हणतात आणि तो दुर्गुण समजतात; पण विद्यापीठांतील यच्चयावत यशस्वी व्यासपीठांचा पाया तोच आहे, आणि ज्या मसुद्यात त्याला जागा नाही तो मसुदा कितीही सुसंस्कृत असला तरी त्याच्याकडे कोणी फिरकत नाही.

माजी विद्यार्थ्याचा भोचकपणा आटलेला असतो असे नव्हे. तो स्वतःच्या तुकडीपुरता आकसलेला असतो. कोणाला टक्कल पडले, कोणाचा मुलगा कॅनडात आहे, आणि जी सर्वांना आवडत असे ती आता कशी दिसते, एवढ्यातच त्याला गोडी. आणि ही गोडी व्हॉट्सॲपने केव्हाच भागवली आहे. २०१६ मध्ये त्यावरील समूहाची मर्यादा २५६ माणसांची झाली आणि २०२२ मध्ये १०२४ ची. आता पुण्यातील सर्वांत फुगलेली बी. कॉम. तुकडी घेतली, हजेरीपटावरील आणि केवळ कँटीनमधील असे दोन्ही वर्ग धरले, तरी ती त्यात सुखेनैव मावते. साहजिकच पोर्टलचा दुवा या समूहांवर पाठवणे भाग पडले. त्याला उत्तर म्हणून जोडलेल्या हातांची, अंगठ्यांची आणि फुलांची दाट रांग लागली, 'स्तुत्य उपक्रम' असे कित्येकांनी लिहिले, त्याखाली कोणी गुडघेदुखीवर मेथीचा उपाय टाकला, आणि नोंदणी कोणीही केली नाही. जे भेटू इच्छित होते ते भेटलेलेच होते.

जुन्या तुकड्यांना मात्र पोर्टलने स्वतःहून पत्रे धाडली. "आपले वर्गमित्र आपली वाट पाहत आहेत" असा या पत्रांचा मजकूर असून तो तरुणाने अन्यत्र कोठून तरी जसाच्या तसा उचललेला होता. १९५७ च्या तुकडीतील एका गृहस्थांचे त्यावर टपालाने, वळणदार अक्षरात पोस्टकार्ड आले: "आपला निरोप पोचला. माझे बहुतेक सर्व वर्गमित्र माझी वाट पाहत आहेत हे सत्य आहे, आणि कधीतरी मलाही तिकडे जावयाचे आहेच. परंतु महाविद्यालयाने इतकी घाई का करावी हे कळत नाही." त्या कार्डाला कोणते उत्तर द्यावे यावर सभेत बराच खल झाला आणि ते नस्तीत लावण्यात आले.

मार्गदर्शकांचा विभाग मात्र हां हां म्हणता भरला. पन्नाशी उलटलेल्या मराठी माणसास सल्ला मागणारा भेटावा यापरते सुख नसल्यामुळे, मार्गदर्शन घेणाऱ्यांपेक्षा देणाऱ्यांची नावेच तिथे अधिक झाली. 'आपण विद्यार्थ्यांना काय देऊ शकाल?' या रकान्यात 'जीवनानुभव' असे लिहिणारे पुष्कळ होते. निवृत्त झालेल्या एका तहसीलदारांनी 'वेळ' एवढेच लिहिले होते, आणि त्या सबंध यादीत खरे लिहिणारे ते एकटेच असावेत असे मला वाटते. इकडे विद्यार्थ्यांना अनुभव नको होता. त्यांना नोकरी हवी होती. त्यांनी एकच विनंतीपत्र तयार करून, 'रिस्पेक्टेड सर' या संबोधनासह, यादीतील यच्चयावत सज्जनांस आणि सज्जनींस धाडले. हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कंपन्यांतील माजी विद्यार्थ्यांनी त्याला तत्परतेने उत्तरे दिली, कारण शिफारस केलेला माणूस घेतला गेल्यास शिफारस करणाऱ्यास बक्षीस देण्याचा प्रघात अशा कंपन्यांत आहे. संस्कृतच्या माजी विद्यार्थ्यांनी तितक्याच तत्परतेने उत्तरे दिली असती, परंतु त्यांना कोणी विचारलेच नाही.

आता ओळखीतून नोकरी मिळते हे शास्त्रानेही मान्य केलेले आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात बोस्टनजवळच्या न्यूटन गावातील नोकरदारांची हकीकत आहे. ज्यांना परिचयाच्या द्वारे नवी नोकरी लागली होती त्यांपैकी केवळ १६.७ टक्क्यांना ती नेहमीच्या भेटीतल्या माणसाकडून लागली होती, ५५.६ टक्क्यांना कधीमधी भेटणाऱ्याकडून, आणि २७.८ टक्क्यांना क्वचितच दृष्टीस पडणाऱ्याकडून. कारण उघड आहे: जिवलग मित्राला ठाऊक असते तेच आपल्यालाही ठाऊक असते, नवी बातमी यायची ती दूरच्या माणसाकडून. म्हणजे मावससासूबाईंचे धाकटे दीर! न्यूटनमध्ये जे सिद्ध करावयास टक्केवारी लागली ते खंडाळ्याच्या घाटात रोज सकाळी विनामूल्य सिद्ध होत असते. पण घाटातली ओळख आणि पोर्टलवरची ओळख यांत एक अंतर आहे, आणि ते त्या शास्त्रज्ञाच्या कोष्टकात सापडावयाचे नाही. भाच्याचा चिठोरा खिशात जातो तेव्हा त्याच्या मागे मावससासूबाई उभ्या असतात. काम झाले नाही तर पुढल्या लग्नात त्या कोणाकडे पाहून मान फिरवतील, हे घेणाऱ्यालाही माहीत असते आणि देणाऱ्यालाही, म्हणूनच "बघा काही जमलं तर" इतक्या अर्धवट वाक्यावर जन्माची भाकरी लागते. पोर्टलवर मागणे संपूर्ण वाक्यात करावे लागते, आणि नकाराला साक्षीदार कोणी नसतो. जी गोष्ट न लिहिल्यामुळेच चालत आली तिचे दप्तर घातल्यावर ती चालेनाशी व्हावी, यात तरुणाच्या कारागिरीचा दोष फार थोडा.

देणगीची कळ तेवढी त्याने मनापासून रंगवली होती. ती केशरी असून कोणत्याही पानावर गेले तरी पाठ सोडीत नसे. तरीही तिला बोट लागेना. धोंडो केशव कर्वे यांनी मुंबईत चाकरी करणाऱ्या मुरुडकरांना गाठून गावच्या शाळेसाठी मुरुड फंड उभा केला, आणि पुढे सत्तरी उलटल्यावर, १९२९ मध्ये, महिला विद्यापीठाच्या कार्यासाठी ते सातासमुद्रांपलीकडे निघाले. दारात कर्वे उभे असता 'नंतर पाहू' म्हणण्याची छाती कोणाची होती? केशरी कळीला मात्र ते सहज म्हणता येते. तिला तहान लागत नाही आणि ती चहालाही थांबत नाही. अखेर न्यू जर्सीतील एका माजी विद्यार्थ्याने एक्कावन्न डॉलर देऊ केले आणि समितीत आनंदीआनंद झाला, तो अण्णांनी परकीय देणग्यांचा २०१० चा कायदा पुढे ठेवीपर्यंत टिकला. असे पैसे घ्यावयाचे तर संस्थेची केंद्राकडे नोंदणी हवी. नोंदणीसाठी तीन वर्षांचे अस्तित्व आणि त्या काळात पंधरा लाखांचा विनियोग हवा. आणि २०२० च्या दुरुस्तीपासून खाते उघडावयाचे ते नवी दिल्लीच्या संसद मार्गावरील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच. हे सर्व, देणारा परदेशी नागरिक असेल तर. तो भारताचा पासपोर्ट बाळगून असेल तर त्याचे पैसे परके नव्हेत. तेव्हा या गृहस्थांना पासपोर्ट कोणत्या देशाचा ते विचारावे लागले. तो अमेरिकेचा निघाला, आणि "ज्या कॉलेजच्या भिंतीवर मी नाव कोरले त्याला आता मी परका झालो काय?" असा त्यांचा संतप्त सवाल आला. "मनाने नाही," असे अण्णांनी उलट कळवले, "फक्त खात्याने, आणि भिंतीच्या नुकसानीची नोंद आम्हांस नव्हती, ती दिल्याबद्दल आभारी आहोत."

असे सर्व असता वर्षअखेरीच्या सभेत तरुणाने वापराचा जो तक्ता मांडला त्याने सर्वांनाच चकित केले. पोर्टलवर दर रविवारी सकाळी अलोट गर्दी होत होती. येणारे पंचावन्न ते पासष्ट वयाचे; ते पाहत होते सव्वीस ते तिसाच्या दरम्यानच्या माजी विद्यार्थ्यांची पाने, आणि तीही पदवी, शहर, कंपनी आणि आडनाव या चाळण्या लावून. दोन पिढ्यांतील दरी बुजत असल्याचे पाहून प्राचार्य सद्गदित झाले, आणि ज्येष्ठांच्या या कळकळीविषयी अभिनंदनाचा ठराव मांडण्याच्या बेतात होते, तोच चिटणीसबाई म्हणाल्या, "सर, ते मार्गदर्शन करत नाहीयेत. ते स्थळं बघताहेत."

सभेत क्षणभर कोणी बोलेना. बाईंनी पुढे असेही निदर्शनास आणले, की २०२३ च्या विदासंरक्षण कायद्यान्वये माहिती ज्या हेतूसाठी संमतीने घेतली त्याच हेतूसाठी वापरता येते. अण्णांनी चष्मा चढवून संमतिपत्र काढले. "हेतू इथे स्पष्ट लिहिला आहे," ते म्हणाले, "आजी-माजी विद्यार्थ्यांमधील परस्परसंबंध दृढ करणे. याहून दृढ संबंध कोणता, तो बाईंनी सांगावा." बाईंनी तो सांगितला नाही, प्रत्येक मुला-मुलीची स्वतंत्र संमती घेतल्याखेरीज एकही नाव या कामासाठी दिसणार नाही एवढे मात्र त्यांनी इतिवृत्तात लिहून घेतले. मग अण्णांनी नाममात्र शुल्काचा दर सुचवला, त्यावरून पाच लाखांच्या पायरीपर्यंत पोचण्यास किती विवाह लागतील याचा त्रैराशिकाने हिशोब केला, आणि हा उपक्रम नॅकच्या अहवालात कोठे दाखवावा या प्राचार्यांच्या प्रश्नाला मुख्य लिपिकांनी, सबंध वर्षात प्रथमच आपण होऊन, उत्तर दिले: निकष पाचवा, विद्यार्थ्यांची प्रगती. एका पालकांच्या विनंतीनुसार रास आणि नक्षत्र असे दोन रकाने वाढवण्यासही मंजुरी मिळाली. केवळ एक जूनवाल्यांच्या पत्रिका जुळवायच्या कशा, हा मुद्दा पुढील सभेवर टाकण्यात आला.